उभे राहण्याचे व्रत

आषाढ शुद्ध एकादशीच्या या पुण्यपर्वावर पंढरीचे वाळवंट टाळ-मृदंगांच्या घोषाने दुमदुमून गेले आहे. देहू-आळंदीहून, पैठणहून, त्र्यंबकेश्वराहून, मुक्ताईनगरहून निघालेल्या पालख्या वाखरीच्या तळावर एकमेकींना भेटून नगरात आल्या आहेत. या क्षेत्रीच आमचा जन्म झाला. येथल्याच पाठशाळेत आम्ही अमरकोश आणि रूपावली घोकली आणि गेली चाळीस वर्षे येथेच यथामति कीर्तनसेवा करीत आलो. दरवर्षी या पर्वकाळी एखाद्या संताचे चरित्र किंवा एखाद्या अभंगाचे निरूपण वाचकांच्या सेवेस सादर करण्याचा आमचा परिपाठ आहे. यंदा मात्र वाचकांची अनुज्ञा घेऊन आम्ही तो मोडणार आहोत. आज ज्या व्यक्तीविषयी लिहावयाचे आहे, त्या संत नाहीत. त्यांना तसे म्हटलेले त्यांना रुचणारही नाही. त्या आमच्या गावातील एका रुग्णालयात परिचारिका आहेत आणि या महिनाअखेर सेवानिवृत्त होत आहेत. आम्ही त्यांना आमच्या सहकारी म्हणतो. कीर्तनकाराची सहकारी परिचारिका कशी, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचेच उत्तर म्हणजे हा लेख.

विषयाचा आरंभ पुंडलिकापासूनच करणे प्राप्त आहे. भगवंत दारी आले असता पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत निमग्न होता. त्याने मागे न पाहता वीट भिरकावली आणि देवाला तिच्यावर उभे राहावयास सांगितले. ही कथा आम्ही शेकडो वेळा सांगितली असेल. देव कसा उभा राहिला, कर कटीवर कसे ठेवले, याचे वर्णन करताना श्रोते डोळे पुसतात. परंतु त्या क्षणी पुंडलिकाचे हात नेमके कोणते काम करीत होते, हे आम्ही कधी फारसे सांगितले नाही. वृद्ध, थकलेल्या देहांची सेवा म्हणजे पाय चेपणे, अंग पुसणे, घास भरविणे, कूस पालटविणे, मलमूत्र काढणे. देवाला थांबावे लागले ते या कामासाठी. कथेचा हा भाग आम्ही वर्षानुवर्षे ओवरीत ठेवला आणि गाभाऱ्याचेच वर्णन करीत राहिलो.

चौथा पाद

आयुर्वेदाच्या आद्य ग्रंथांत या कामाला फार मोठे स्थान आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायाचे नाव खुड्डाकचतुष्पाद असे आहे. चिकित्सेचे चार पाद त्यात सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि स्वतः रोगी. प्रत्येकाचे चार चार गुण आचार्यांनी मोजून दिले. परिचारकाचे गुण म्हणजे उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. शुश्रूषेचे ज्ञान, कामातील तत्परता, रुग्णाविषयीची ओढ आणि स्वच्छता. या यादीत कुळाचा उल्लेख नाही, जातीचा नाही. आणि अनुराग तिसऱ्या क्रमांकावर आहे, पहिला मान ज्ञानाला आहे, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

सुश्रुताने हेच गुण आपल्या शब्दांत सांगताना एक विलक्षण विशेषण वापरले आहे: अजुगुप्सु. ज्याला किळस येत नाही तो. शल्यचिकित्सकाच्या हाताखाली पू, रक्त, दुर्गंधी ही नित्याचीच. त्यांपुढे ज्याच्या नाकाला सुरकुती पडत नाही, असा मनुष्य सुश्रुताला हवा होता. त्याच्याच यादीत अश्रांत असाही शब्द आहे, म्हणजे न थकणारा. दोन्ही आचार्यांनी वैद्याला प्रमुख मानले, हे खरेच. कुंभारावाचून माती, चाक आणि दोरा यांचे मडके होत नाही, हा चरकाचाच दृष्टांत आहे. परंतु पाद म्हणजे पाय. तीन पायांवर खाट उभी राहत नाही, हे सांगावयास कोणत्याही आचार्यांची गरज नाही.

याच संहितेच्या पंधराव्या अध्यायात रुग्णाला ठेवावयाच्या गृहाचे वर्णन आहे. ते बळकट असावे, वारा मिळावा पण झोत येऊ नये, धूर-धूळ नसावी, पाण्याची आणि शौचकूपाची सोय असावी. तेथे स्वयंपाक करणारे, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रुग्णाला उठविणारे-निजविणारे, औषधे वाटणारे असे परिचारक नेमावेत. आणि त्यांच्याच पंक्तीला आचार्यांनी आणखी एक वर्ग बसविला आहे. गायन, वादन, श्लोक, आख्याने, इतिहास आणि पुराणे यांत कुशल असलेले, रोग्याचा अभिप्राय ओळखणारे आणि देशकाल जाणणारे लोक! अर्थात आमच्या परंपरेच्या मंडळींची आणि परिचारिकेची नेमणूक चरकाने एकाच छपराखाली केलेली आहे. सहकारी हा शब्द आम्ही लडिवाळपणे वापरलेला नाही. त्याला ग्रंथाधार आहे.

हा ग्रंथाधार मात्र आम्हांस फार उशिरा गवसला. २०१५ साली येथील एका वैद्यकव्यवसायी स्नेह्यांनी आग्रह केला, म्हणून दर गुरुवारी सायंकाळी तासभर रुग्णालयाच्या पुरुष कक्षात जाऊन कथा सांगण्याचा नेम आम्ही धरला. पहिल्याच गुरुवारी चाळिशी उलटून गेलेल्या, ठेंगण्या, मंद आवाजाच्या एका बाईंनी आम्हांस दारातच थांबविले आणि हात धुण्याचे बेसिन दाखविले. आम्ही सोवळ्याचे संस्कार झालेले. हात आम्ही घरून धुऊनच निघालो होतो. तसे बोललोही. त्या म्हणाल्या, “बुवा, वाटेत रिक्षाचा दांडा धरलात ना?” आम्ही हात धुतले. कक्षप्रमुख सिस्टरांशी आमचा परिचय झाला तो असा.

डोळ्यांनी पाहिलेले दाक्ष्य

पुढे अनेक गुरुवार आम्ही एका कोपऱ्यात बसून त्यांचे काम पाहिले. कथा संपली तरी बसून राहत असू. पाळी बदलताना जाणारी परिचारिका येणाऱ्या परिचारिकेला एकेका खाटेपाशी नेऊन रुग्णाची हकीकत सांगते. या हस्तांतराच्या वेळी सिस्टर कागदावर विसंबून राहत नसत. चादर उचलून पाहत, नळी हाताने चाचपून पाहत, रुग्णाचे नाव त्याच्याच तोंडून वदवून घेत. सलाइनच्या थेंबांकडे पाहत घड्याळ धरून उभ्या राहत. साधारण संचातून वीस थेंब पडले म्हणजे एक मिलिलीटर होते. मिनिटाला किती थेंब पडावेत हे डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेवरून त्या मनातल्या मनात काढीत. आम्ही वृत्तांच्या मात्रा मोजण्यात आयुष्य घालविले. मात्रा चुकली तर फार तर श्लोक लंगडतो. त्यांची चुकली तर काय होईल, याचा विचार करून आमचा जीव दडपे.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णास दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. तसे न केल्यास एकाच जागी भार पडून त्वचेतील रक्त अडते आणि जखमा होतात. त्यांना शय्याव्रण म्हणतात. माकडहाड, टाचा, खांदे, कंबरेची हाडे ही त्यांची ठिकाणे. सिस्टर प्रशिक्षणार्थी मुलींना सांगत की रुग्णाला ओढू नये, उचलावे. ओढले की कातडी घासते. चादरीची एक सुरकुतीसुद्धा त्यांना खपत नसे. एकदा मध्यरात्री आम्ही एका आप्तासाठी तेथे जागत होतो. बारा वाजता, दोन वाजता, चार वाजता त्या एका मुलीला सोबत घेऊन खाटेमागून खाट फिरत होत्या. प्रत्येकाला आधी हलक्या आवाजात सांगत, “आजोबा, आता डाव्या कुशीवर घेते हं.” त्यांतील एक आजोबा पाच दिवस बेशुद्ध होते. त्यांनाही त्या तसेच विचारीत. काकड आरतीच्या वेळी देवाला हळुवार जागे करतात, त्याची आम्हांस आठवण झाली.

आमच्या हातून घडलेला प्रमाद

आता आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कीर्तनाच्या पाटावर ती आम्ही कधी सांगितली नाही.

२०१८ च्या आषाढीनंतरचा गुरुवार होता. वारीनंतर रुग्णालय भरून वाहते. हगवण, ताप, पायांच्या जखमा, उन्हापावसाने खचलेली म्हातारी माणसे. एका खाटेवर पक्षाघाताचा झटका आलेले सत्तरीचे वारकरी होते. उजवे अंग गेलेले, वाचा गेलेली. आम्ही जवळ गेलो तेव्हा ते डाव्या हाताने पुनःपुन्हा गळ्याकडे बोट दाखवू लागले. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. आम्हांस वाटले, यांना तहान लागली आहे. यांना चंद्रभागेचे तीर्थ हवे आहे. उशाशी पाटी होती: तोंडाने काही देऊ नये. ती आम्ही वाचली. परंतु तीर्थ हे ‘काही’ या शब्दात मोडत नाही, असा अर्थ आमचा आम्हीच लावला. शास्त्री माणसाला शब्दांतून पळवाट काढण्याची सवय असते. कमंडलूतील पळीभर तीर्थ आम्ही त्यांच्या मुखी घातले.

पुढच्या क्षणी त्यांचा श्वास कोंडला. मुद्रा काळीनिळी पडू लागली. आमच्या तोंडून शब्द फुटेना. सिस्टर कक्षाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्या पळत आल्या असे म्हणणेही अपुरे आहे. एका हाताने त्यांनी रुग्णाला कुशीवर वळविले, दुसऱ्या हाताने शोषणयंत्राची नळी ओढून घशातील पाणी आणि लाळ खेचून काढली, एका मुलीला प्राणवायू लावावयास सांगितले, दुसरीला डॉक्टरांना बोलवावयास पिटाळले. हे सर्व आवाज न चढविता. काही मिनिटांनी श्वास रुळावर आला. त्यांनी नाडीवर बोटे ठेवून घड्याळ पाहिले आणि मग आमच्याकडे पाहिले.

कक्षाबाहेर नेऊन त्या आम्हांस म्हणाल्या, “बुवा, झटक्यानंतर गिळण्याचे स्नायू लुळे पडतात. पाणी अन्ननलिकेत जायचं ते श्वासनलिकेत उतरतं. त्यातून न्यूमोनिया होतो, माणूस जातो. तीर्थ द्यायचंच होतं तर मला विचारायचं होतंत. कापसाचा बोळा भिजवून ओठांना लावला असता मी.” घडलेला प्रकार त्यांनी डॉक्टरांना जसाच्या तसा सांगितला, नोंदवहीत लिहिला. आमचे वय पाहून झाकला नाही, की आम्हांस चारचौघांत खाली पाहावयास लावले नाही.

परंतु खरा धडा पुढेच होता. सिस्टर पुन्हा त्या वारकऱ्यांपाशी गेल्या, खाली वाकल्या आणि एकेक गोष्ट विचारू लागल्या. दुखतंय का? मुलगा हवाय का? प्रत्येक वेळी ते मान हलवून नकार देत आणि गळ्याकडे बोट नेत. सिस्टर थांबल्या, घाई त्यांनी केली नाही. मग म्हणाल्या, “माळ?” त्या वृद्धाने डोळे मिटून होकार दिला. डोक्याचे छायाचित्र घेण्यापूर्वी गळ्यातील तुळशीमाळ उतरविली होती आणि ती मुलाच्या पिशवीत राहून गेली होती. वारकऱ्याची माळ म्हणजे काय, हे आम्ही जन्मभर लोकांस सांगत आलो. ती नसल्याचे ओळखले ते सिस्टरांनी. मुलाला निरोप धाडून त्यांनी माळ मागविली आणि नळ्यांत अडकू नये म्हणून ती डाव्या मनगटाला सैलशी बांधली. ते वारकरी पुढे बरे होऊन, काठी टेकीत, घरी गेले. ईश्वराने आम्हांस एका मोठ्या पातकातून वाचविले, असे आम्ही त्या वेळी म्हणालो. खरे तर सिस्टरांनी वाचविले.

त्या रात्री घरी आल्यावर आम्हांस झोप आली नाही. शुश्रूषा या शब्दाचा धातू काय, हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकविलेले. श्रु म्हणजे ऐकणे. त्याचे इच्छार्थक रूप शुश्रूषा. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकू इच्छिणारा त्याची सेवा करतो, म्हणून पुढे तोच शब्द सेवेला लागला. ही व्युत्पत्ती आम्ही तीस वर्षे फळ्यावर लिहिली. परंतु खाटेवरचा मुका माणूस काय सांगतो आहे, ते ऐकण्याची इच्छा आम्हांस झाली नव्हती. आम्हांस बोलण्याची इच्छा होती, देण्याची इच्छा होती, पुण्य जोडण्याची इच्छा होती. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली परिचर्येवर जे पुस्तक लिहिले, त्यात रुग्णाला भेटावयास येऊन पोकळ धीर देणाऱ्या आणि सल्ले देणाऱ्या लोकांवर एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले आहे. ते वाचताना आम्हांस आमचीच प्रतिमा दिसली.

या भूमीतील परंपरा

नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिक्षणसंस्था काढून परिचर्येला विद्येचे रूप दिले. परंतु या व्रताची आमच्या महाराष्ट्रातील उदाहरणेही लहान नाहीत. १८९७ साली पुण्यात प्लेगने हाहाकार केला तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी रुग्णांची सेवा केली. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातूनच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च रोजी त्यांनी देह ठेवला. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि ज्या घरांतून मुलींना उंबरठा ओलांडू देत नसत, त्या घरांतील स्त्रियांना, विधवांना, परिचर्येचे शिक्षण घेण्याची वाट मिळाली. त्या वेळी समाजाने या स्त्रियांना किती बोल लावले असतील, याची कल्पना करणे कठीण नाही.

आणि परिचारिकांनी आपल्या सहकारिणीशी कसे वागावे, याचा तर एक वस्तुपाठच मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात घडला. तेथील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या नोव्हेंबरात एका अमानुष हल्ल्याला बळी पडल्या आणि त्यांची जाणीव हरपली. १८ मे २०१५ रोजी त्यांचा अंत झाला. मधली सुमारे ४२ वर्षे त्या रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना न्हाऊ घातले, भरविले, कुशीवर वळविले. निवृत्त होणारी पिढी येणाऱ्या पिढीच्या हाती त्यांना सोपवीत गेली. ज्यांनी त्यांना कधी चालता-बोलताना पाहिलेही नव्हते, त्या मुलींनी त्यांना आपले मानले. २०११ साली त्यांच्या इच्छामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने त्यांची सेवा करणाऱ्या या रुग्णालयाच्या मंडळींचाच मानला. कोणत्या पुराणात याहून मोठे आख्यान आहे? सिस्टरांपुढे आम्ही हा विषय काढला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “इतकी वर्षं पाठ सांभाळली त्यांनी. ते किती अवघड असतं, ते आम्हालाच ठाऊक.”

२०२० सालचा तो काळ वाचकांस आठवत असेलच. मार्चमध्ये विठ्ठलमंदिराचे दार भाविकांसाठी बंद झाले ते नोव्हेंबरात पाडव्याला उघडले. पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस. टी.च्या गाड्यांतून आल्या. आमची कीर्तने थांबली, आमचा गुरुवार थांबला. सिस्टरांचे काम थांबले नाही. एका रात्री त्यांचा दूरध्वनी आला. चाळीस वर्षांची वारी चुकलेले एक गृहस्थ प्राणवायूवर होते. घाबरत होते, मुखवटा काढून टाकीत होते. “बुवा, हरिपाठ म्हणा, मी फोन त्यांच्या कानाशी धरते.” आम्ही अंगणात बसून म्हणू लागलो. किती वेळ म्हणालो कोण जाणे. शेवटी पलीकडून, त्या बंदिस्त पोशाखातून घुसमटलेला आवाज आला, “झोपले ते. आता थांबा.” इतका वेळ त्या हात वर धरून उभ्या होत्या. आमच्या आयुष्यातील ते सर्वांत लहान श्रोतृवृंदाचे कीर्तन, आणि त्याचे यश आमचे नव्हे.

जे आम्ही नाकारले

येथे लेख संपविता आला असता. परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून आमची लेखणी शुद्ध होणार नाही.

आम्हांस एक धाकटी बहीण आहे. १९८२ साली बारावी झाल्यावर तिने परिचारिकेच्या शिक्षणक्रमाचा अर्ज आणला होता. वडील संतापले. परक्यांची अंगे धुवावयाची, त्यांची घाण काढावयाची, हे आपल्या घराण्यात चालावयाचे नाही! आम्ही तेव्हा नुकतेच संस्कृत घेऊन एम. ए. झालो होतो. तिने आशेने आमच्याकडे पाहिले. आम्ही वडिलांच्या बाजूने चार वचने काढून दिली. चरक तेव्हा आम्ही वाचला नव्हता; वाचला असता तरी ती वचनेच आम्हांस सापडली असती, अशी आज भीती वाटते. कारण मनुष्य ग्रंथात बहुधा तेच शोधतो, जे त्याने आधीच ठरविलेले असते. तिने अर्ज फाडला. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले.

त्या प्रमादाच्या घटनेनंतर काही महिन्यांनी आम्ही तिच्या घरी गेलो आणि झाल्या चुकीची क्षमा मागितली. आम्हांस वाटले होते, ती रडेल किंवा जुने झाले म्हणून हसण्यावारी नेईल. ती शांतपणे म्हणाली, “दादा, सासूबाई शेवटी तीन वर्षं अंथरुणावर होत्या. मी जिवापाड केलं त्यांचं. पण पाठीला जखमा झाल्या, हाडापर्यंत गेल्या. त्या फार कळवळायच्या. कूस कशी वळवायची, कधी वळवायची, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवलं असतं तर झाल्या नसत्या.”

चरकाने उपचारज्ञता पहिली का सांगितली, हे आम्हांस त्या दिवशी समजले. आमच्या बहिणीपाशी अनुराग होता, शौच होते, दाक्ष्यही होते. ज्ञान तिला मिळू शकले असते. ते आम्ही मिळू दिले नाही. एका वृद्धेच्या वेदनेत आमच्या पांडित्याचा वाटा आहे.

म्हणूनच परिचारिकेला देवी, माउली, देवदूत म्हणून हात जोडण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविषयी आम्हांस संकोच वाटतो. देवीला पगार लागत नाही, झोप लागत नाही, तिच्या शिक्षणाची चौकशी कोणी करीत नाही. सिस्टरांना हे सर्व लागते. रात्रपाळी करून त्यांनी दोन मुले वाढविली. त्यांच्या पायांच्या शिरा उभे राहून राहून फुगल्या आहेत. सुश्रुताने अश्रांत परिचारक मागितला खरा, पण एका परिचारिकेच्या माथी तीन परिचारिकांचे काम घालावे, असे त्याने कोठे म्हटलेले नाही. त्यांची करुणा ही त्यांच्या विद्येतून आलेली आहे. विद्या वगळून केवळ करुणेची स्तुती करणे म्हणजे त्यांचे अर्धे कर्तृत्व नाकारणे होय. ज्या घरात मुलगी हे शिक्षण घेऊ म्हणेल, त्या घराने आमच्या घराप्रमाणे वागू नये, एवढी आमची या पर्वकाळी हात जोडून प्रार्थना आहे.

संहितेत परिचारकाला उपस्थाता असाही शब्द आहे. उप म्हणजे जवळ, स्था म्हणजे उभे राहणे. जवळ उभा राहणारा तो उपस्थाता. आमच्या गावचा देवही हेच करतो. तो शस्त्र धारण करीत नाही, वर देण्यासाठी हात उगारीत नाही. कटीवर कर ठेवून भक्तापाशी उभा असतो. सिस्टर तीसहून अधिक वर्षे या गावात आहेत. आषाढीला रुग्णालय भरलेले, म्हणून एकाही आषाढी एकादशीला त्यांना दर्शन घडलेले नाही. याची खंत वाटते का, असे आम्ही एकदा विचारले. त्या म्हणाल्या, “दर्शनाला आलेले सगळे शेवटी आमच्याकडेच येतात, बुवा.” आणि तापमापक झटकून पुढच्या खाटेकडे गेल्या.

महिनाअखेरीस रुग्णालयात त्यांच्या निरोपाचा छोटासा समारंभ आहे. दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. ते आम्ही बोलू. परंतु शाल त्यांच्या खांद्यावर आमची धाकटी बहीण घालील. तसे आम्ही तिला विचारले आणि तिने होकार दिला आहे.

आज रात्री, महाद्वारातील गर्दी ओसरल्यावर, आम्ही बुक्का आणि तुळशीची मंजिरी घेऊन कक्षाकडे जाणार आहोत. त्यांची ही शेवटची आषाढी पाळी आहे. दारातल्या बेसिनवर आधी हात धुऊ. तीर्थ कोणाच्या ओठांना लावावयाचे झालेच, तर आधी त्यांना विचारू.